डोळे नसलेले पांढरे स्प्रिंगटेल: मायक्रोस्कोपखाली एकच, डीएनएत तीन. कुणाचं ऐकायचं?

ओलसर_पाचोळा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहिती दिली तर तुम्हालाच परत परत विचारावं लागेल म्हणून सगळं एकदाच लिहिते.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी पालापाचोळ्याखालच्या मातीतले स्प्रिंगटेल म्हणजे कोलेम्बोला, हे बारीक सहापायी प्राणी, बघतेय. पद्धत नेहमीचीच, नरसाळं, त्यात जाळी, जाळीवर माती आणि वर बल्ब, माती वरून सुकत जाते तसे प्राणी ओलाव्याच्या मागे खाली खाली सरकतात आणि शेवटी अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. त्यातून एक मिलिमीटरच्या आसपासचे, पांढरे, डोळे नसलेले आणि पोटाखाली उडी मारायचा काटा असलेले बरेच स्प्रिंगटेल मिळाले. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली मला ते सगळे एकसारखे दिसले, वहीत मी सरळ 'पांढरा १' असं नाव देऊन टाकलं होतं.

त्यातले ९ नमुने सीओआय (प्राणी ओळखायला वापरतात तो मायटोकॉन्ड्रियातला जीन) सीक्वेन्सिंगला दिले आणि आता निकाल समोर घेऊन बसलेय. एकाचा सीक्वेन्स बॅक्टेरियाचा निघाला. उरलेल्या ८ चे तीन गट पडतायत, अ मध्ये ४, ब मध्ये २, क मध्ये २. गटाच्या आतला फरक १ टक्क्याहून कमी. अ आणि ब मध्ये १२ टक्के. क मात्र दोघांपासूनही २२ टक्के लांब. डेटाबेसमध्ये शोधलं तर अ शी सगळ्यात जास्त जुळणारं जे येतं ते ८८ टक्के, आणि त्याच्यावर नाव फक्त 'कोलेम्बोला' एवढंच.

लॅबमध्ये दोन मतं आहेत. एक सीनियर म्हणते ३ टक्क्यांच्या वर फरक म्हणजे वेगळी प्रजाती, तीन प्रजाती लिही आणि मोकळी हो. दुसरा म्हणतो जे डोळ्यांना वेगळं दिसत नाही त्याला प्रजाती म्हणायचं तरी कशाच्या जोरावर. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही.

आणखी दोन गोष्टी. पहिले ५ नमुने मी पूर्ण चिरडून डीएनए काढला (अ चे ३, ब चा १ आणि तो बॅक्टेरियावाला). नंतरच्या ४ मध्ये प्राणी न चिरडता डीएनए काढायची पद्धत वापरली, त्यांची रिकामी कवचं अल्कोहोलमध्ये ठेवलीत. शिवाय त्याच मातीतले सीक्वेन्स न केलेले चाळीसेक नमुने ९५ टक्के अल्कोहोलमध्ये आहेत. आणि दुसरं म्हणजे एक विचित्र प्राणी मिळालाय, फिकट पिवळसर, लांबट, दीड मिलिमीटरचा, त्याला अँटेनाच नाहीत. मोडल्यात की मुळातच नाहीत ते कळत नाहीये.

काय करू?

---

काचपट्टी

ती चार कवचं ठेवलीत हे फार चांगलं केलंत, तुमची निम्मी उत्तरं त्यातच आहेत. चिरडलेल्या पाचांबद्दल आता काही करता येणार नाही पण इथून पुढे एकही नमुना चिरडू नका. प्रोटिनेज के च्या द्रावणात प्राणी अख्खा टाकायचा, ५६ अंशांवर रात्रभर ठेवायचा, एन्झाइम आतलं मांस विरघळवतं आणि कायटिनचं कवच केसांसकट शाबूत राहतं. द्रावण डीएनएसाठी जातं आणि कवच स्लाइडवर. ट्यूबचा नंबर आणि स्लाइडचा नंबर एकच ठेवायचा, ही एवढी शिस्त पाळली की सीक्वेन्स आणि शरीर यांची ताटातूट होत नाही.

आता मूळ मुद्दा. 'मायक्रोस्कोपखाली एकसारखे दिसतात' असं तुम्ही लिहिलंय, पण तुम्ही अजून त्यांना खरं बघितलेलंच नाहीये, आणि हे मी रागावून नाही सांगत, स्टिरिओखाली ४० पटीत पांढरे आंधळे स्प्रिंगटेल बघितले की सगळ्यांनाच ते एक वाटतात. पण त्या वर्णनात निदान दोन वेगळे जीनस (प्रजातीच्या वरची पायरी) सहज बसतात, फोल्सोमिया आणि आयसोटोमिएला. दोन्ही पांढरे, दोन्ही आंधळे, दोघांनाही उडीचा काटा. त्यामुळे स्लाइड करा आणि ४०० पटीत, जमलं तर फेज कॉन्ट्रास्टमध्ये, दोन जागा बघा.

पहिली जागा डोक्यावर, अँटेनाच्या बुडाच्या मागे. तिथे काही स्प्रिंगटेलना एक ज्ञानेंद्रिय असतं, पोस्ट अँटेनल ऑर्गन, सगळे त्याला पीएओ म्हणतात. फोल्सोमियात ते लांबट, अरुंद, भाताच्या दाण्यासारखं दिसतं. आयसोटोमिएलामध्ये ते नसतंच. दुसरी जागा पोटाचा शेवट. कोलेम्बोलाच्या पोटाला सहाच खंड असतात, त्यातले फोल्सोमियात चौथा, पाचवा, सहावा असे तिन्ही एकमेकांत जुळून एक झालेले असतात, आयसोटोमिएलामध्ये फक्त पाचवा आणि सहावा. खंडांच्या मधली रेघ दिसते की नाही एवढंच बघायचंय. माझा अंदाज आहे की तुमचा २२ टक्केवाला क गट इथेच वेगळा पडेल.

अ आणि ब साठी मात्र केस मोजायला बसावं लागेल. उडीच्या काट्याचे तीन भाग, बुडाचा मॅन्युब्रियम, मधला डेन्स आणि टोकाचा म्यूक्रो. फोल्सोमियाच्या प्रजाती ओळखताना मॅन्युब्रियमच्या पुढच्या बाजूला किती केस आहेत हे फार महत्त्वाचं धरतात. नवीन माणसाला हे क्षुल्लक वाटतं, मलाही सुरुवातीला प्रश्न पडायचा की दोन केसांनी असा काय फरक पडतो, पण या प्राण्यांना रंग नाही, डोळे नाहीत, पंख नाहीत, नर मादी बाहेरून ओळखायची तर जननछिद्र शोधावं लागतं, मग कवचावर कुठला केस कुठे उगवतो हीच त्यांची लिपी आहे आणि ती वाचायला शिकावंच लागतं. शास्त्रात याला कीटोटॅक्सी म्हणतात.

कवच आधीच रिकामं आहे म्हणजे फार पारदर्शक करायची गरज नाही, लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये थोडा वेळ ठेवलंत तरी सुरकुत्या सुटतील. मग हॉयर्स मीडियममध्ये बसवा. त्यात क्लोरल हायड्रेट असतं, ते विषारी आहे, हातमोजे घाला. कव्हरस्लिपच्या कडा नंतर सील करा, नाहीतर काही वर्षांत स्लाइड वाळून आत हवेचे बुडबुडे येतात आणि नेमका हवा तो केस बुडबुड्याखाली जातो.

---

बेसपेअर

ताई, आधी त्या बॅक्टेरियावाल्या नमुन्याबद्दल बोलू, कारण तो तुम्ही बाजूला टाकलाय आणि मला तो सगळ्यात बोलका वाटतोय. डेटाबेसने कुठला बॅक्टेरिया दाखवला? वोल्बाकिया असेल तर लॅबमध्ये काहीतरी सांडलं वगैरे समजू नका. वोल्बाकिया हा किड्यांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या पेशींच्या आत राहणारा बॅक्टेरिया आहे आणि सीओआयचे नेहमीचे प्रायमर (हवा तो जीन पकडायचे डीएनएचे छोटे तुकडे), म्हणजे १९९४ चे फोल्मर प्रायमर, अधूनमधून प्राण्याचा जीन सोडून बॅक्टेरियाचाच तसला जीन उचलतात.

आणि वोल्बाकिया निघाला तर तुमचा प्रश्नच बदलतो. फोल्सोमिया कँडिडा नावाची प्रजाती प्रयोगशाळांमध्ये सर्रास पाळतात, मातीतल्या विषारी द्रव्यांची चाचणी तिच्यावर करतात, त्यासाठी आयएसओ ११२६७ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. या प्रजातीत माद्या नराशिवाय अंडी घालतात आणि त्यातून पुन्हा माद्याच होतात. त्यांच्यात वोल्बाकिया असतो, आणि अँटिबायोटिक देऊन तो काढून टाकला तर त्यांची अंडी उबतच नाहीत, इतकं ते एकमेकांवर अवलंबून आहे. तुमच्या पांढऱ्यांमध्येही असंच असेल तर प्रजाती म्हणजे आपसात प्रजनन करणारे जीव ही पुस्तकातली व्याख्या इथे लावायची कशी? आपसात प्रजनन कुणी करतच नाहीये.

आता ३ टक्क्यांबद्दल. डीएनए बारकोडिंगची कल्पना २००३ मध्ये कॅनडातल्या गुएल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांच्या गटाने जोरात मांडली, सीओआय जीनचा ६५८ अक्षरांचा तुकडा सगळ्या प्राण्यांसाठी वापरायचा. प्रजातीच्या आतला फरक कमी, प्रजातींमधला जास्त आणि मध्ये एक मोकळी फट, असं चित्र पक्ष्यांमध्ये, पतंगांमध्ये बऱ्यापैकी दिसतं आणि २ किंवा ३ टक्क्यांचा आकडा तिथूनच लोकांच्या तोंडी बसला. कोलेम्बोलात तो आकडा तसाच लावून चालत नाही. इथे एकाच नावाच्या प्रजातीत १० टक्क्यांच्या वर फरक सापडणं ही रोजची गोष्ट आहे. पॅरिसोटोमा नोटॅबिलिस नावाच्या अगदी सामान्य स्प्रिंगटेलमध्येसुद्धा एकाच रूपाखाली एकमेकांपासून खूप लांब गेलेल्या अनेक वंशरेषा सापडल्यात. कारण समजून घ्या, हा गट प्रचंड जुना आहे, स्कॉटलंडच्या रायनी चर्ट खडकात रायनिएला नावाचा स्प्रिंगटेल सापडलाय तो साधारण ४० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि मातीच्या आत आयुष्य तेच, अंधार तोच, बुरशी तीच, त्यामुळे शरीराला बदलायचं फारसं कारण पडत नाही पण डीएनएतली अक्षरं मात्र बदलत राहतात. शिवाय हे प्राणी लांब जात नाहीत. दोन कुळं वेगळी झाली की तशीच वेगळी राहतात.

म्हणून १२ टक्के हा आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही, ना एक प्रजाती ना दोन. २२ टक्क्यांना मात्र मी गंभीरपणे घेईन आणि काचपट्टी सरांनी सांगितलेलं पीएओ बघेपर्यंत थांबेन.

तुम्ही आत्ता घरबसल्या करू शकता अशी एक तपासणी आहे. तिन्ही गटांचे सीक्वेन्स प्रोटीनमध्ये भाषांतरित करून बघा, पण कोड अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा निवडा, नेहमीचा नको, कारण नेहमीच्या कोडमध्ये टीजीए म्हणजे थांबा आणि इथे टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन. बरोबर कोड लावूनही मध्येच स्टॉप येत असेल किंवा एखाद दुसरं अक्षर गळालेलं असेल तर तो खरा सीओआय नसून मायटोकॉन्ड्रियाचा तुकडा केंद्रकातल्या डीएनएत जाऊन बसलेला असू शकतो, आणि असले तुकडे खोट्या प्रजाती निर्माण करतात.

---

मूळ_आणि_बुरशी

मध्येच विचारतो, एवढा एकेक किडा धरून बसण्यापेक्षा सगळ्या मातीचा डीएनए एकदम काढून मेटाबारकोडिंग का नाही करत? एका फटक्यात सगळी यादी मिळेल की.

---

बेसपेअर

यादी मिळेल पण नावांशिवाय. ताईंच्या अ गटाला डेटाबेसमध्ये ८८ टक्क्यांवर नुसतं 'कोलेम्बोला' सापडतंय हे बघा, मेटाबारकोडिंगमध्ये अशा शेकडो ओळी येतात. कुणीतरी एकेक प्राणी धरून, त्याचं नाव लावून, त्याचा सीक्वेन्स टाकल्याशिवाय त्या ओळींना अर्थ येत नाही. दोन मातींची तुलना करायची असेल तर मेटाबारकोडिंग उत्तमच आहे, मी स्वतः वापरतो, पण किती प्राणी होते हे त्यातून नीट कळत नाही आणि ताईंचा प्रश्न त्याने सुटत नाही.

---

दहापट_भिंग

त्या अँटेना नसलेल्या पाहुण्याकडे कुणाचंच लक्ष नाही म्हणून मी लिहिते, कारण मला तर वाचून उभं राहावंसं वाटलं. त्याच्या अँटेना मोडलेल्या नसाव्यात, तो बहुतेक प्रोटुरा आहे! तपासायला सोपं आहे. डोळे नाहीत, अँटेना नाहीत, आणि पुढची पायांची जोडी चालायला वापरत नाहीत, ती वर धरून पुढे अंदाज घेत चालतात, म्हणजे अँटेनाचं काम पायांनी करतात. मेलेल्या नमुन्यातही पुढचे पाय बहुतेक वेळा वर किंवा पुढे ताणलेले असतात. पोटाच्या पहिल्या तीन खंडांच्या खाली पायांच्या अवशेषांसारखी छोटी छोटी उपांगं असतात, ती मिळाली की शंकाच नको. प्रोटुराची प्रजात ओळखायची तर पुढच्या पायाच्या टोकाशी असलेले संवेदी केस बघतात, त्यामुळे स्लाइड करताना ते पाय जपा.

आणि पोटाचे खंड मोजा. पूर्ण वाढलेल्या प्रोटुराला १२ असतात, पण अंड्यातून बाहेर येताना ९ च असतात आणि कात टाकताना मागच्या टोकाशी एकेक वाढत जातात. बाकीच्या सहापायी प्राण्यांमध्ये हे दिसत नाही. १९०७ मध्ये इटलीतल्या फिलिप्पो सिल्वेस्त्री यांनी पहिल्यांदा याचं वर्णन केलं, म्हणजे बघा, हत्ती, देवमासे, फुलपाखरं सगळ्यांची नावं ठेवून झाली होती आणि पायाखालच्या मातीतला एक अख्खा गट विसावं शतक उजाडेपर्यंत कुणाला माहीतच नव्हता. आजही ओळखलेल्या प्रजाती हजाराच्या आतच आहेत.

मूळ प्रश्नावर एक गोष्ट सांगते, कारण शरीर की डीएनए हे भांडण प्रजातीपुरतं नाहीये, ते वर झाडाच्या बुंध्यापर्यंत जातं. कोलेम्बोला, प्रोटुरा आणि डिप्लुरा (हाही मातीतलाच एक सहापायी गट) या तिघांचीही तोंडाची अवयवं डोक्याच्या आत एका पिशवीत खोचलेली असतात, कीटकांसारखी बाहेर नसतात. त्यावरून तिघांना मिळून एंटोग्नाथा असा एक गट केला होता. छान, नीटनेटकं. मग डीएनए आला. २००३ मध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या जीनोमवरून असा दावा झाला की कोलेम्बोला कीटकांचे सख्खे नातेवाईक नाहीतच, सहा पाय दोनदा वेगवेगळे उत्क्रांत झाले. पुढे राइबोसोमच्या जीनवरून प्रोटुरा आणि डिप्लुरा यांची जोडी लागली, दोघांनाही डोळे नाहीत म्हणून तिचं नाव पडलं नॉनऑक्युलाटा. नंतर २०१४ मध्ये १,४७८ जीन एकत्र घेऊन केलेल्या मोठ्या अभ्यासात सहापायी सगळे परत एका फांदीवर आले, प्रोटुराची जोडी कोलेम्बोलाशी लागली आणि डिप्लुरा कीटकांच्या बाजूला सरकला. म्हणजे डीएनएने शरीराला खोडलं, मग दुसऱ्या डीएनएने पहिल्या डीएनएला खोडलं, आणि प्रोटुरा व कोलेम्बोला जवळचे हे तर शरीररचना बघणारे लोक आधीपासून म्हणत होते, त्या जोडीला एलिप्युरा हे नावही होतं.

अजून एक उदाहरण, मातीतलंच. पॉरोपोडा आणि सिम्फिला, दोन्ही पांढरे, आंधळे, बारीक, पुष्कळ पायांचे. सिम्फिलाला पायांच्या १२ जोड्या, पॉरोपोडाला बहुतेक ९, आणि पॉरोपोडाच्या अँटेनाला फांद्या फुटलेल्या असतात, एकदा बघितलं की विसरत नाही. काही डीएनए अभ्यासांत हे दोघं सख्खे भाऊ म्हणून येतात. शरीर सांगतं की पॉरोपोडा मिलिपीडच्या जवळचा. इथे डीएनएवर डोळे झाकून विश्वास ठेवायला मला भीती वाटते, कारण दोघांचीही अक्षरं फार भराभर बदललीत, आणि अक्षरं फक्त चारच, त्यामुळे भराभर बदलणाऱ्या दोन फांद्यांमध्ये योगायोगाने सारखी अक्षरं जमतात आणि प्रोग्रॅम त्यांना नातं समजून एकत्र ओढतो. याला लाँग ब्रांच अ‍ॅट्रॅक्शन म्हणतात.

---

ओलसर_पाचोळा

किती शिकवलंत तुम्ही सगळ्यांनी, मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत आलेय कारण आधी स्लाइड करायच्या होत्या आणि पहिल्या दोन कव्हरस्लिप मी तिरक्या बसवल्या.

क गटाच्या दोन्ही कवचांवर पीएओ नाही! अ आणि ब वर आहे, अगदी भाताच्या दाण्यासारखं. क मध्ये पोटाचे शेवटचे दोनच खंड जुळलेत, चौथ्याची रेघ स्पष्ट दिसते. म्हणजे काचपट्टी सर, तुमचा अंदाज बरोबर, क म्हणजे आयसोटोमिएला आणि बाकीचे फोल्सोमिया. ती रेघ तिथे पहिल्यापासून होती आणि मी तिच्यावरून चाळीस वेळा नजर फिरवली होती.

बॅक्टेरिया वोल्बाकियाच निघाला. प्रोटीनमध्ये भाषांतर केलं, तिन्ही गटांत स्टॉप नाही. आणि पाहुणा प्रोटुराच आहे, १२ खंड, पोटाखालची ती छोटी उपांगं तिन्ही जोड्या दिसल्या, दहापट_भिंग ताई, मला पण उभं राहावंसं वाटलं.

आता अ आणि ब. अ च्या कवचावर मॅन्युब्रियमच्या पुढच्या बाजूला एकेका अंगाला ८ केस आहेत, ब च्या कवचावर ६. डीएनएत १२ टक्के आणि केसांतही फरक! मग ही नवीन प्रजाती म्हणू शकते का?

---

काचपट्टी

थांबा, थांबा. एकेका कवचावरून नाही. ज्या फोल्सोमियांच्या मॅन्युब्रियमवर केस जास्त असतात त्यांच्यात वय वाढेल तसा आकडाही वाढतो. कोलेम्बोला पूर्ण वाढ झाल्यावरही आयुष्यभर कात टाकत राहतात, त्यामुळे तुमचा ब लहान होता आणि अ मोठा होता एवढंच कदाचित तुम्ही मोजलं असेल. शरीराची लांबी मोजलीत का? आणि डावी उजवी बाजू सारखी आहे का? एका अंगाला ७ आणि दुसऱ्याला ८ असे नमुने सर्रास मिळतात. त्या चाळीसातले निदान दहा बारा घ्या, वेगवेगळ्या लांबीचे, प्रत्येकाचा न चिरडता सीओआय करा आणि मग केस मोजा. शक्य असेल तर स्लाइड मोजताना ती अ ची आहे की ब ची हे तुम्हाला माहीत नसू दे, नंबरवर कागद चिकटवा. माहीत असलं की डोळा हवा तेवढाच आकडा मोजतो, माझ्याबरोबर हे घडलेलं आहे, एका वर्षाचं काम परत करावं लागलं होतं.

---

बेसपेअर

सर म्हणतात ते आधी करा. आणि सोबत केंद्रकातला एखादा जीन घ्या, २८एस या राइबोसोमच्या जीनचा डी२ भाग कोलेम्बोलात चांगला चालतो. सीओआय मायटोकॉन्ड्रियात असतो आणि फक्त आईकडून येतो, वोल्बाकियाही आईकडूनच येतो, त्यामुळे बॅक्टेरियाच्या पसरण्यामागे मायटोकॉन्ड्रियाही फरफटत जातात आणि एकट्या सीओआयवरून काढलेलं चित्र वाकडं असू शकतं.

पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, निकाल आल्यावर उडी मारू नका म्हणून. नर मादी असलेल्या प्रजातीत सीओआय आणि २८एस दोन्ही एकाच रेषेवर फुटले तर तो भक्कम पुरावा असतो, कारण दोन गट आपसात प्रजनन करत असते तर केंद्रकातले जीन मिसळले असते. नुसत्या माद्यांच्या वंशात मिसळणं मुळात होतच नाही. आई जे देते ते सगळं एकत्र, मायटोकॉन्ड्रिया, केंद्रक, बॅक्टेरिया, सगळ्याची एकच गाठोडी. मग दोन्ही जीन एकाच रेषेवर फुटणारच, ते कुठल्याही दोन कुळांत फुटतील. तिथे तो जुळलेला निकाल प्रजातीचा पुरावा म्हणून खूप हलका पडतो. कुठला पुरावा वरचढ हे विचारण्याआधी त्या पुराव्याला 'नाही' म्हणायची संधी होती का हे बघायचं, ज्याला संधीच नव्हती त्याच्या 'हो' ला किती किंमत द्यायची?

---

ओलसर_पाचोळा

शेवटचं अपडेट देते, दीड महिना लागला.

१२ नमुने केले, ७ अ निघाले आणि ५ ब. कागद चिकटवून मोजलं. केस एकेका अंगाला ५ पासून ९ पर्यंत, आणि ते सरळ लांबीबरोबर वाढतात, अ असो की ब. तीन नमुन्यांत डावी उजवी बाजू वेगळी. माझे ८ आणि ६ त्यात पूर्ण विरघळून गेले. नखं, पीएओची लांबी, म्यूक्रोचे दात, सगळं बघितलं, टिकणारा फरक एकही मिळाला नाही. एकाही नमुन्यात नराचं जननछिद्र दिसलं नाही. २८एसमध्ये अ आणि ब दोन जागी कायम वेगळे आहेत, आणि बेसपेअर दादांनी आधी सांगून ठेवलं नसतं तर मी त्या दोन अक्षरांवर नवीन प्रजाती नक्की लिहिली असती.

तर रिपोर्टमध्ये मी आयसोटोमिएला एक, आणि फोल्सोमियाची शरीरावरून एकच प्रजाती, तिच्यात दोन वंशरेषा, असं लिहितेय. काचपट्टी सर, लेबलवर हे कसं लिहायचं?

---

काचपट्टी

असंच लिहा, 'फोल्सोमिया एसपी., वंशरेषा अ', 'फोल्सोमिया एसपी., वंशरेषा ब'. एसपी. म्हणजे जीनस ठरला, प्रजातीचं नाव ठरलेलं नाही. 'नवीन प्रजाती' हा शब्द कुठेही नको. नाव ज्या मूळ नमुन्यावर ठेवलेलं असतं, टाइप स्पेसिमेन, त्याच्याशी ते कायमचं बांधलेलं असतं, आणि या गटातले बरेचसे टाइप जुन्या स्लाइडवर आहेत, त्यांच्यातून आज डीएनए निघणं अवघड. त्यामुळे तुमच्या अ ला जुनं नाव द्यायचं की ब ला, हे ठरवायला मूळ नमुना जिथून घेतला होता तिथले ताजे प्राणी लागतील.

स्लाइडवर ट्यूबचा नंबर, गोळा केल्याची तारीख, मातीची खोली, कुणी गोळा केलं, मीडियम कुठला हे सगळं पेन्सिलने किंवा न विरघळणाऱ्या शाईने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलचा थेंब पडला की जाते. सीक्वेन्स डेटाबेसमध्ये टाकताना स्लाइडचा नंबर आणि कवचाचे फोटो जोडा. पुढच्या वेळी कुणीतरी ८८ टक्क्यांवर अडकेल तेव्हा त्याला नुसतं 'कोलेम्बोला' नको दिसायला. आणि तो प्रोटुरा अजून अल्कोहोलमध्येच असेल तर त्याचाही डीएनए आधी न चिरडता काढून घ्या, मग स्लाइड.